मायक्रोस्कोप बनवणाऱ्यांना खुलं पत्र: स्पेक्ट्रोमीटर मागून जोडणं आता थांबवा

मायक्रोस्कोप डिझाईन करणाऱ्या, त्यातली ऑप्टिक्स बसवणाऱ्या आणि त्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्या मंडळींना,

स.न.वि.वि.

मी एका लॅबमध्ये मायक्रोस्कोप सांभाळते. सांभाळते म्हणजे चालवते, शिकवते, पुसते, बिघडलं की सर्व्हिसच्या माणसाला फोन लावते आणि तो येईपर्यंत काय झालंय ते शोधत बसते. सकाळी बॅटरीच्या इलेक्ट्रोडवाले येतात, दुपारी जिवंत पेशींच्या डिश घेऊन बायोलॉजीवाले येतात, संध्याकाळी कुणीतरी पातळ फिल्मचा तुकडा घेऊन येतं आणि रात्रीचा स्लॉट मागतं. माणसं वेगळी, सॅम्पल वेगळं, पण स्क्रीनवर बोट ठेवून विचारतात ते सगळे एकच, "हे इथे दिसतंय ते नक्की काय आहे?" नुसता मायक्रोस्कोप असेल तर कुठे आहे, केवढं आहे, गोल आहे का लांबट आहे एवढंच सांगता येतं. काय आहे ते सांगायला स्पेक्ट्रम लागतो, म्हणजे तिथून आलेला प्रकाश किंवा एक्सरे किंवा इलेक्ट्रॉन रंगारंगात, ऊर्जेऊर्जेत फोडून बघावा लागतो. म्हणून आमच्याकडे मायक्रोस्कोप आहेत आणि त्याला लावलेले स्पेक्ट्रोमीटर आहेत, आणि हे पत्र त्या "लावलेले" या शब्दासाठीच आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. एका विद्यार्थिनीने सिलिकॉनच्या चिपचा रामन मॅप लावला होता, म्हणजे एकेका पॉइंटवर लेझर टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचा रंग किती बदललाय ते नोंदायचं, २०० गुणिले २०० पॉइंट, प्रत्येक पॉइंटला एक सेकंद, म्हणजे ४०,००० सेकंद, अकरा तासांच्या वर. रात्री लावून गेली. सिलिकॉनचा रामन पीक, म्हणजे आलेखातलं उंच टोक, ५२० वेव्हनंबरच्या (रंगातला हा बदल मोजायचं एकक) किंचित पुढे येतो आणि चिपमध्ये ताण असेल तर तो जागचा हलतो, ओढ असेल तर खाली, दाब असेल तर वर. किती हलतो तर अगदी थोडा, एका दिशेच्या ताणासाठी साधारण ४५० ते ५०० मेगापास्कलला एक वेव्हनंबर. सकाळी मॅप उघडला तर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एकसारखा उतरत गेलेला सुंदर ग्रॅडिएंट, एकूण ०.४ वेव्हनंबरचा, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे मेगापास्कल. पोरगी इतकी खूश झाली की तिने गाइडला फोटो पण पाठवला.

मला तो ग्रॅडिएंट जरा जास्तच सरळ वाटला. मी म्हटलं चिप ९० अंशात फिरव आणि तोच भाग परत घे. दुसऱ्या रात्री घेतला. चिप फिरली होती, तिच्यावरची खूण फिरली होती, ताण मात्र फिरला नव्हता, तसाच वरून खाली. मॅप वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत स्कॅन होतो हे लक्षात घेतलं की उत्तर समोरच होतं, चिपमध्ये काही नव्हतं, रात्री टायमरवर एसी बंद व्हायचा आणि खोली हळूहळू चारेक अंशांनी तापायची. स्पेक्ट्रोमीटरचं धातूचं अंग केसाएवढंही नाही इतकं फुगायचं आणि डिटेक्टरवरचा पीक सरकायचा. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरवर ०.४ वेव्हनंबर म्हणजे साधारण ०.०१२ नॅनोमीटर, इतक्या सरकण्याला तुमच्या डिझाईनमध्ये काही किंमत नसेल, आमच्याकडे ती दोनशे मेगापास्कल होऊन छापली जाते.

त्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो. तिची काहीच चूक नव्हती, तिने सकाळी कॅलिब्रेशन केलं होतं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच. पण सकाळचं कॅलिब्रेशन रात्री अडीच वाजता उपयोगाचं नसतं आणि रात्री अडीच वाजता मशीनला स्वतःहून स्वतःला तपासून बघायची काही सोयच नव्हती. मायक्रोस्कोपला वाटतं वेव्हनंबर हे स्पेक्ट्रोमीटरचं काम, स्पेक्ट्रोमीटरला मॅप कुठवर आलाय हे माहीतच नाही, आणि दोघांच्या मधे आम्ही.

खरं सांगायचं तर ही दोन यंत्रं जन्मली तेव्हा इतकी लांब नव्हती. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाचे शेफिल्डचे एक गृहस्थ होते, त्यांनी १८६० च्या दशकात पोलादाचा तुकडा घासून, ॲसिडने खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि धातूची आतली रचना बघायचं शास्त्र सुरू केलं, आणि त्याच माणसाने त्याच दशकात मायक्रोस्कोपच्या आयपीसला स्पेक्ट्रोस्कोप जोडून रक्ताच्या बारीकशा डागाचे पट्टे बघितले. मटेरियल आणि रक्त एकाच टेबलावर. मग १९२८ साली रामन आणि कृष्णन यांनी दाखवलं की विखुरलेल्या प्रकाशात थोडासा प्रकाश रंग बदलून येतो आणि त्या बदललेल्या रंगात रेणूची ओळख असते. पण हा प्रकाश इतका थोडा की साधारण कोटीभर फोटॉन टाकले तर एखादा तसा परत येतो, त्यामुळे मायक्रोस्कोपखालच्या कणावर ते करायला लेझरची वाट बघावी लागली आणि फ्रान्समध्ये देलाय आणि दामेलँकूर यांनी रामन मायक्रोप्रोब मांडला तो थेट १९७५ च्या सुमाराला. तेव्हापासून आजवर लेझर सुधारले, फिल्टर सुधारले, डिटेक्टर तर कुठल्या कुठे गेले, आणि हे सगळं तुम्हीच केलंय, त्याबद्दल मनापासून आभार. लेझरची रेष कापणारे आजचे एज फिल्टर नसते तर आमच्यापैकी अर्ध्या लोकांचं काम सुरूच झालं नसतं. एक्सरे डिटेक्टरसाठी द्रव नायट्रोजन भरत बसायचं गेलं ते सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरमुळे, तोही मोठाच दिलासा.

पण कोटीतला एक फोटॉन पकडायचाय म्हटल्यावर वाटेतली प्रत्येक काच हिशेबात घ्यायला हवी, आणि ती घेतली जात नाही असं मला रोज दिसतं. ऑब्जेक्टिव्हचं, म्हणजे सॅम्पलजवळच्या भिंगाचं, कोटिंग डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी केलेलं असतं, पुढे ७८५ नॅनोमीटरचा लेझर आला की किती प्रकाश आरपार जातो त्याचा आलेख कॅटलॉगमध्ये मिळेलच असं नाही. काही ऑब्जेक्टिव्हच्या आतली काच स्वतःच चमकते. आमच्याकडे एकदा दोन दिवस सगळ्या पेशींमध्ये १४०० वेव्हनंबरच्या जरा अलीकडे एक रुंद उंचवटा यायला लागला होता, मग कळलं की क्वार्ट्झऐवजी कुणीतरी साधी काचेची स्लाइड घेतली होती, ७८५ वर साधी काच असा उंचवटा देते हे आमच्यासाठी नेहमीचं आहे पण नव्या माणसाला सांगणार कोण? ऑब्जेक्टिव्ह कुठलं, लेझर कुठला, स्लाइड कसली हे सॉफ्टवेअरमध्ये निवडलेलं असतं किंवा सहज निवडता येईल, मग "या तिघांच्या जोडीत इथे असा बॅकग्राउंड येतो" एवढं ते स्वतःहून का सांगत नाही?

लेझर निवडायचा प्रश्न तर पेशीवाल्यांना रोज छळतो. हिरवा ५३२ घेतला तर सिग्नल भरपूर, पण पेशीतले रंगद्रव्यं चमकतात आणि पेशीला इजा व्हायची भीती. तांबडा ७८५ घेतला तर पेशी सुखात, पण विखुरण्याचा जोर तरंगलांबीच्या चौथ्या घाताने उतरतो, म्हणजे नुसत्या त्या हिशेबानेच सिग्नल पावणेपाच पटीने कमी. आणि एवढ्यावर भागत नाही. पेशीतली चरबी बघायची सगळ्यात ठळक जागा म्हणजे २८५० वेव्हनंबरच्या आसपासचा कार्बन-हायड्रोजनचा पट्टा, आणि ७८५ वर तो येऊन पडतो १०१० नॅनोमीटरच्या आसपास, जिथे साधा सिलिकॉनचा डिटेक्टर जवळजवळ आंधळा होतो. ५३२ वर तोच पट्टा ६३० च्या अलीकडे येतो, डिटेक्टर तिथे पूर्ण जागा असतो. म्हणजे एकाच पेशीत खालची फिंगरप्रिंटची बाजू (जिथे रेणूरेणूची ओळख पटते) तांबड्याने आणि वरची चरबीची बाजू हिरव्याने बघितली तर सगळ्यात बरं. हे आम्ही करून बघितलं. लेझर बदलला की फोकस बदलतो, कारण एकच लेन्स दोन रंगांना एकाच खोलीवर आणत नाही, आणि मॅप बाजूलाही थोडा सरकतो, मग दोन मॅप एकावर एक बसवायला फोटो एडिट करावा तसं हाताने ओढत बसायचं. तुमच्या कारखान्यात प्रत्येक ऑब्जेक्टिव्ह टेस्ट होत असणार, त्याच वेळी त्याचा दोन-तीन लेझरमधला फोकसचा फरक मोजा आणि तो आकडा ऑब्जेक्टिव्हबरोबर फाइलमध्ये द्या, बाकीचं स्टेज स्वतः करेल. मोटर आहे, एन्कोडर आहे, फक्त त्याला सांगणारं कुणी नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती. जिवंत पेशी म्हणजे ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, खालून उलट्या मायक्रोस्कोपमधून पाण्यात बुडवलेलं ऑब्जेक्टिव्ह. हीटर चालू-बंद होतो, डिश फुगते-आकसते, फोकस तासाभरात काही मायक्रॉन भटकतो, आणि अशा ऑब्जेक्टिव्हची फोकसची जाडी असते जेमतेम मायक्रॉनभर. म्हणजे मॅप सुरू झाला पेशीच्या मधोमध आणि संपला पेशीच्या वर नुसत्या पाण्यात. यावर इलाज आधीपासून आहे, फ्लुरोसन्सच्या (चमकणारे रंग लावून बघायच्या) मायक्रोस्कोपमध्ये तो वर्षानुवर्षं वापरात आहे, एक इन्फ्रारेड एलईडी डिशच्या तळाच्या काचेवर आपटतो, त्याची परत येणारी किरणं सांगतात काच कुठे आहे, आणि फोकस तिथे धरून ठेवला जातो. आम्ही अतिशय आशेने तो लावला. पहिल्याच स्पेक्ट्रममध्ये १२५० च्या आसपास एक अवाढव्य डोंगर. प्रोटीनच्या पट्ट्यांच्या ऐन मधोमध. अर्धा दिवस आम्ही मीडियममध्ये काय पडलं म्हणून शोधत होतो, डिश बदलल्या, पेशी धुतल्या, मग कुणीतरी फोकस लॉकचं बटण बंद केलं आणि डोंगर गायब. कागद घेऊन बसले तर दोन ओळींचा हिशेब होता, एलईडी ८७० नॅनोमीटरचा, लेझर ७८५ चा, दोघांमधलं अंतर वेव्हनंबरमध्ये काढा, १२४५ येतं. 

हा हिशेब करायला कुणी मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. पण फोकस लॉक बनवणाऱ्याने गृहीत धरलं की इथे फ्लुरोसन्सच बघणार, आणि रामन बनवणाऱ्याने गृहीत धरलं की इथे सिलिकॉनच ठेवणार, आणि दोन्ही डबे एकमेकांना जोडून देणाऱ्याने गृहीत धरलं की दोन्ही चालतात म्हणजे एकत्रही चालतील. इलाजही तसाच साधा आहे, डिटेक्टर प्रकाश गोळा करत असेल तेवढा वेळ एलईडी बंद, दोन पॉइंटच्या मधे क्षणभर चालू, एका ट्रिगर वायरीचं काम. आम्ही ती वायर स्वतः ओढली, आणि ती ओढायला आम्हाला तीन महिने लागले, कारण एलईडीच्या कंट्रोलरला बाहेरून सिग्नल कसा द्यायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि विचारलं तर तो विभाग आमचा नाही असं दोन्हीकडून उत्तर यायचं. तीन महिने पेशींचं सगळं काम थांबलेलं, ज्याचं काम होतं त्या मुलाची फेलोशिप थांबत नाही.

ऑटोफोकस झाला, आता इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवाल्यांशी थोडं. तुमच्याकडे एक्सरेचा स्पेक्ट्रम घेतला की सॉफ्टवेअर पिकांवर आपोआप मूलद्रव्यांची नावं लिहितं. गंधकाचा मुख्य पीक २.३०७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, मॉलिब्डेनमचा २.२९३ ला, शिशाचा २.३४ च्या जरा पुढे, आणि डिटेक्टर वेगळं ओळखू शकतो ते साधारण १३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अंतराचं. म्हणजे गंधक आणि मॉलिब्डेनममधलं अंतर १४, डोळा १३० चा. तिन्ही एकाच ढिगात. आमच्याकडे एकाने मॉलिब्डेनम डायसल्फाइड ठेवलं आणि स्क्रीनवर ठळक अक्षरात शिसं आलं, तो बिचारा आपली भट्टी खराब झाली म्हणून ती घासत बसला होता. दोष भौतिकशास्त्राचा नाही, तो पीक तेवढ्यावरून ओळखता येतच नाही, मग सॉफ्टवेअरने तसं सांगावं, "इथे हे तिघे असू शकतात, शिसं असेल तर १०.५५ ला दुसरा पीक दिसायला हवा, बीमची ऊर्जा वाढवून तो बघा." आणि तेच सॅम्पल शेजारच्या रामनखाली ठेवलं तर ३८४ आणि ४०८ वेव्हनंबरच्या आसपासची पिकांची जोडी दोन मिनिटांत दिसते, वर त्या दोघांमधल्या अंतरावरून थर किती आहेत तेही कळतं, एकच थर असेल तर ते अंतर २५ वरून १९ च्या आसपास येतं. पण रामनच्या स्टेजवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधला तोच दोन मायक्रॉनचा तुकडा शोधायचा कसा? होल्डर वेगळा, खुणा वेगळ्या, कोऑर्डिनेट वेगळे. सॅम्पल होल्डरवर सगळ्यांनी मिळून तीन ठरावीक खुणा ठेवल्या तर हा प्रश्न संपतो. तीन खुणा! यात कुणाचं कुठलं गुपित उघडं पडणार आहे?

सॉफ्टवेअरचं निघालंच आहे तर मनातलं सगळंच बोलते. अंतराळातून येणारे कॉस्मिक रे डिटेक्टरवर आपटतात आणि स्पेक्ट्रममध्ये सुईसारखा एक काटा येतो, तो काढायला फिल्टर असतो, शेजारच्या पॉइंटमध्ये नाही आणि इथेच आहे असं काही तीक्ष्ण दिसलं की पुसून टाकायचं. आमच्या मशीनवर हा फिल्टर मुळातच चालू असतो आणि पुसल्यावरचीच फाइल सेव्ह होते. एकीचं काम होतं पेशींनी गिळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर. त्यातल्या अनाटेज प्रकाराचा पीक १४४ ला येतो, अतिशय तीक्ष्ण आणि अतिशय जोरदार, आणि कण एवढेसे की एखादा कण मॅपच्या एकाच पॉइंटमध्ये मावतो. तुम्हाला कळलंच असेल काय झालं. फिल्टरने तिचे कण कॉस्मिक रे समजून पुसले, एकूण एक नाही पण जे एकटे होते ते सगळे, आणि तिच्या मॅपमध्ये उरले फक्त गोळा झालेले मोठे ढीग. ती लिहिणार होती की पेशीत कण नेहमी ढिगानेच राहतात. सहा आठवड्यांचं काम परत केलं तिने, कारण कच्चा डेटा कुठेच उरला नव्हता. हात जोडून सांगते, डिटेक्टरवर जे आलं ते जसंच्या तसं आधी ठेवा, मग त्यावर काय करायचं ते करा आणि काय केलं ते ओळीने फाइलमध्ये लिहा. बॅकग्राउंड काढला तर कुठल्या पद्धतीने, स्मूथ केलं तर किती पॉइंटवर. सुंदर दिसणारा मॅप नको आहे आम्हाला, जो पुढच्या वर्षी परत तपासता येईल तो हवा आहे.

आणि ती फाइल आम्हाला उघडता यायला हवी. आमच्या कपाटात एका जुन्या यंत्राच्या हार्ड डिस्क आहेत, यंत्र गेलं, कॉम्प्युटर गेला, लायसन्सचा डोंगल गेला, फाइल आहेत आणि त्या कुणालाच उघडता येत नाहीत. स्पेक्ट्रमसाठी जेकॅम्प-डीएक्स हा खुला फॉरमॅट १९८८ पासून आहे, इमेजसाठी ओएमई-टिफ आहे, मोठ्या डेटासाठी एचडीएफ५ आहे, नवीन काही शोधायचं नाहीये. एक्सपोर्टचं बटण देता तुम्ही, मान्य, पण त्यातून स्पेक्ट्रम येतो आणि लेझरची पॉवर, ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी जाळी), ऑब्जेक्टिव्ह, तापमान, कॅलिब्रेशनची तारीख हे सगळं मागेच राहतं. फ्लुरोसन्सवाल्यांनी २०२० मध्ये क्वारेप-लिमी नावाने एक गट केला, त्यात संशोधक आहेत, आमच्यासारखे लॅब सांभाळणारे आहेत आणि कंपन्यांची माणसंही आहेत, आणि मायक्रोस्कोप नीट आहे की नाही हे कसं तपासायचं, डेटाबरोबर काय काय नोंदवायचं यावर एकत्र काम चालतं. म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणारे एका टेबलाभोवती बसू शकतात हे तुम्हीच दाखवलंय. स्पेक्ट्रल मायक्रोस्कोपसाठी पण बसा, आम्ही सॅम्पल आणू, रात्री जागायची तयारी आहे.

वेव्हनंबरच्या अक्षाबद्दल वर बोलले, उंचीच्या अक्षाबद्दल पण तेवढंच आहे. ग्राफीनवाले (कार्बनच्या अणूएवढ्या पातळ थरावर काम करणारे) डी आणि जी या दोन पिकांच्या उंचीच्या गुणोत्तरावरून दोष किती ते सांगतात, पेशीवाले चरबी आणि प्रोटीनच्या गुणोत्तरावर अख्खा पेपर उभा करतात, आणि ग्रेटिंग, फिल्टर, डिटेक्टर प्रत्येक रंगाला सारखं वागवत नाहीत, त्यामुळे तोच तुकडा दोन लॅबमध्ये दोन गुणोत्तरं देतो. यासाठी ठरावीक चमक देणाऱ्या प्रमाणित काचा मिळतात, अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेची ७८५ साठीची २२४१ नंबरची काच आहे, ती एकदा मोजली की यंत्राचा स्वतःचा कल काढून टाकता येतो. यंत्र बसवताना हे करा, तो आलेख तारखेसकट आम्हाला द्या, आणि दर सर्व्हिसला परत करा. एवढंच. यात फार काही सांगण्यासारखं नाही, करायचं बाकी आहे.

कुणी म्हणेल की आता रामनच्या एकेक पॉइंटवर रात्र काढायचे दिवस गेले, कोहेरंट पद्धती आल्या, म्हणजे दोन लेझर एकत्र टाकून रामनचा सिग्नल कितीतरी वाढवणाऱ्या. खरंय, १९९९ मध्ये कार्स नावाची त्यातली एक मायक्रोस्कोपी नव्याने उभी राहिली, २००८ मध्ये स्टिम्युलेटेड रामनने जिवंत पेशीतली चरबी लेबल न लावता दाखवली, आणि पुढे व्हिडिओच्या वेगाने इमेज येऊ लागल्या, तो वेग बघितला की मला पण हरखून जायला होतं. पेशीत १८०० ते २८०० हा जवळजवळ रिकामा पट्टा असतो, तिथे बसणारा अल्काइनचा किंवा ड्युटेरियमचा बारीकसा टॅग औषधाला लावला तर औषध पेशीत कुठे गेलं ते बघता येतं, फ्लुरोसन्सचा मोठा रेणू न चिकटवता. पण त्या वेगवान इमेजमध्ये बहुतेकदा एक-दोन पट्टेच बघितले जातात, आणि तिथे काहीतरी अनपेक्षित दिसलं की परत तोच प्रश्न, "हे काय आहे?" तेव्हा त्या एका ठिपक्यावर थांबून पूर्ण स्पेक्ट्रम घेता यायला हवा, त्याच ऑब्जेक्टिव्हमधून, पेशी तिथून हलायच्या आत. वेगवान यंत्र एका खोलीत आणि पूर्ण स्पेक्ट्रमचं दुसऱ्या खोलीत असेल तर पेशी थांबत नाही हो.

आता त्या सिलिकॉनच्या चिपकडे परत येते, कारण माझी खरी मागणी तिथेच आहे. मॅप चालू असताना यंत्राने दर ओळीला एकदा स्वतःला तपासावं. निऑनच्या दिव्याच्या रेषा निसर्गाने ठरवलेल्या आहेत, खोली तापली म्हणून त्या हलत नाहीत, तो दिवा आत बसवा आणि त्याच डिटेक्टरवर क्षणभर दाखवा. पण नुसता निऑन पुरत नाही हे पण सांगते, कारण रामनचा आकडा म्हणजे लेझर आणि परत आलेला प्रकाश यांच्यातला फरक, निऑन फक्त स्पेक्ट्रोमीटर तपासतो, लेझर स्वतः सरकला तर त्याला कळत नाही. म्हणून लेझरच्या वाटेवर, सॅम्पलला न हलवता वळवता येईल असा एक संदर्भाचा तुकडा हवा, पॉलिस्टायरीनचा चालेल, त्याची १००१.४ ची रेष सगळ्यांना पाठ आहे. ओळीला दोन सेकंद जास्त लागतील, २०० ओळींना सात मिनिटांच्या आत. अकरा तासांत सात मिनिटं. आणि खोलीचं, स्पेक्ट्रोमीटरचं, स्टेजचं तापमान प्रत्येक पॉइंटबरोबर लिहा, थर्मामीटर काही जड वस्तू नाही.

याचा अर्थ असा की डिझाईनला बसताना सुरुवात सॅम्पलपासून व्हायला हवी. सॅम्पल जिवंत आहे का, ते किती तास ठेवायचंय, त्याला किती लेझर सोसतो, त्यातून किती फोटॉन येणार, मग ऑब्जेक्टिव्ह, मग फोकस लॉक, मग स्पेक्ट्रोमीटर, मग फाइल, आणि या सगळ्यांची माणसं एका खोलीत. जमलं तर त्या खोलीत एखादी जागा लॅब सांभाळणाऱ्या माणसालाही द्या. पेपरवर आमचं नाव बहुतेक वेळा आभारात असतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मशीन कुठे फसवतं हे आम्हाला सगळ्यात आधी कळतं, आणि ते विचारायला आजवर एकदाही कुणी आलेलं नाही. विक्रीच्या वेळी येतात, बसवायला येतात, बिघडल्यावर येतात. मधल्या काळात, म्हणजे मशीन नीट चालू असताना ते काय चुकीचं सांगतंय हे विचारायला पण या.

ती चिप मी जपून ठेवली आहे, डब्यावर तारीख घालून, दोन्ही रात्रींच्या मॅपच्या प्रिंटसकट. तुमचं पुढचं मॉडेल आलं की डेमोला मी ती घेऊन येणार. रात्रभराचा मॅप आधी सरळ ठेवून घेऊया, मग ९० अंशात फिरवून, आणि एसी बंद ठेवूया.

कळावे,
आपली,
तुमची यंत्रं रोज चालवणारी एक लॅबवाली